बारा तासांत परत येणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कल्याणच्या पुढे कसारा मार्गावरच्या एका छोट्या स्थानकावरून मी रोज नोकरीसाठी मुंबईला जातो. आमचे गाव स्टेशनपासून सात किलोमीटर आत आहे. पहाटे साडेपाचला ना बस मिळते ना शेअर रिक्षा, त्यामुळे स्कूटर स्टेशनबाहेरच्या ‘पे अँड पार्क’मध्ये लावण्यावाचून गत्यंतर नाही. आसपासच्या गावपाड्यांतल्या बहुतेकांची हीच गत आहे.

वाहनतळ फुकट असावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पूर्वी रस्त्याच्या कडेला गाडी लावून दिवसभर जिवाला घोर असायचा, तो मी विसरलेलो नाही. माझी तक्रार आहे ती बारा तासांच्या हिशेबाबद्दल. बारा तास उलटले की पुढचा दर लागतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट पैसे. आता आमचा दिवस मोजा. सकाळी सहाच्या आत गाडी लावायची, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास, नऊ ते साडेपाच कामाची वेळ, पुन्हा तेवढाच प्रवास. स्टेशनवर उतरेपर्यंत रात्रीचे आठ वाजतातच. त्यात कल्याण-कसारा दरम्यान लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच दोन मार्गांवरून धावतात. तिसऱ्या मार्गिकेचे काम रखडत चालले आहे. एखादी एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी आमची लोकल थांबवली, की वीस मिनिटे गेली. लोकल रेल्वेच्या कारणाने उशिरा येणार आणि त्या उशिराचे पैसे आम्ही भरायचे, हे कुठल्या न्यायात बसते?

गेल्या महिन्याच्या पावत्या मी मुद्दाम जपून ठेवल्या. बारा तासांच्या आत सुटलेल्या फक्त दोन निघाल्या. त्यातल्या एका दिवशी अंगात ताप होता म्हणून मी अर्ध्या दिवसाने परतलो होतो. मासिक पास मागितला तर “कोटा संपला” एवढेच उत्तर मिळते. तो कोटा किती, हे कुठेही लिहिलेले नाही.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले आहे की वाहनाची चोरी किंवा नुकसान झाल्यास ठेकेदार जबाबदार नाही. मग पैसे नेमके कशाचे? वर पत्रा नाही, खाली फरशी नाही. पावसाळ्यात साइड स्टँड चिखलात रुततो, एक गाडी कलंडते आणि तिच्याबरोबर अख्खी रांग आडवी होते. जुलैत माझ्या शेजारच्या मोपेडचा आरसा असाच फुटला. ती मोपेड एका नर्सताईंची. रात्रपाळीला जाताना मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून त्यांना गाडी लावताना मी पाहिले आहे, कारण मागच्या बाजूचा दिवा कित्येक महिने बंद आहे. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती “निकाली” निघाल्याचा संदेश आला, दिवा मात्र लागला नाही.

पुढच्या ठेक्याची निविदा काढताना उपनगरी पासधारकांसाठी दिवसाचा दर पंधरा तासांचा धरावा, मासिक पास मागेल त्याला द्यावा, आणि छप्पर, दिवे व गाडीची जबाबदारी या अटी करारातच घालाव्यात. तोवर निदान मागचा दिवा लावावा आणि पावसाआधी चार डंपर खडी टाकून घ्यावी.

आपला,
एक पासधारक प्रवासी, ता. शहापूर, जि. ठाणे