शनिवारचा पंढरपूर दौरा : वाद्यांच्या पेट्या सांभाळा

सर्व सभासदांना नमस्कार,

शनिवारी पहाटे ५.३० वाजता सात रस्ता चौकात टेम्पोत वाद्ये चढतील. ६ वाजता निघायचे.

मागच्या वेळी तानपुऱ्याच्या पेटीवर कुणीतरी हार्मोनियम ठेवली. झाकण दबले, बिजागरी निखळली, आतल्या तानपुऱ्याचा भोपळा थोडक्यात वाचला. मिरजेहून आणलेले वाद्य आहे ते, जीव कळवळला. म्हणून :

• तानपुऱ्याच्या पेटीवर काहीही ठेवू नका, साधी पिशवीसुद्धा नाही.
• पेटीत पोकळी राहत असेल तर चादरीची घडी भरा. आपल्या सोलापूरकरांकडे चादरींना काय तोटा!
• कड्या, खोळींच्या चेन आजच तपासा.
• उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवू नका, सांधे चिकटवणारा सरस (गोंद) सुटतो.

वाद्याची पेटी तुटली असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.