लॉनच्या निचऱ्याच्या सदोष कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: निचऱ्याचे काम विनामूल्य पुन्हा करून मिळणे किंवा रक्कम परत मिळणे

महोदय,

आपल्या कंपनीने माझ्या लॉनमध्ये पाण्याच्या निचऱ्याचे काम केले. पूर्ण रक्कम चुकती केली आहे. तरीही पाऊस उघडल्यावर पाणी हटत नाही, चालताना पाय रुततो आणि मुळांना हवा न मिळाल्याने गवत पिवळे पडले आहे. फोनवर आपले पर्यवेक्षक म्हणाले, "माती चिकण आहे, पाणी थांबणारच." माती चिकण आहे म्हणूनच तर आपल्याला बोलावले होते!

मुख्य दोष निचऱ्यासाठी खोदलेल्या चरात आहे. मी एका टोकाला उकरून पाहिले, तर छिद्रांचा पाइप सरळ मातीतच संपतो. पाणी बाहेर पडायला तोंडच ठेवलेले नाही. अशा पाइपला साधारण 100 फुटांमागे 1 फूट उतार देतात. इथे पाणसळ लावली तर बुडबुडा अगदी मध्यभागी, म्हणजे उतारच नाही. खडी धुतलेली नाही, भोवती पाणी जाऊ देणारे पण गाळ अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड नाही, त्यामुळे छिद्रांत गाळ बसायला सुरुवातही झाली आहे. पैसे निचऱ्याचे घेतले आणि जमिनीखाली टाके बांधून दिले, असा हा प्रकार आहे.

वरच्या थराचीही तीच गत. कोटेशनमध्ये कंपोस्ट लिहिले होते, प्रत्यक्षात थोडी वाळू मिसळली. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतात; वाळूच्या दाण्यांमधल्या फटी ते भरून टाकतात आणि सुकल्यावर जमीन आणखी टणक होते. त्यावर वाफसा (जास्तीचे पाणी ओसरून येणारा योग्य ओलावा) नसताना रोलर फिरवला, म्हणजे उरलीसुरली पोकळीही दाबून टाकली. बिलात जिप्समही आहे. जिप्समचा खरा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो. माझ्या मातीची तपासणी कोणी, कधी केली? केली असल्यास अहवाल पाठवावा.

माझी मागणी अशी: चर पुन्हा खोदून उतार, कापड, धुतलेली खडी आणि पाण्याला बाहेर पडायची वाट द्यावी, वाफसा आल्यावर एरेटरने (जमिनीला भोके पाडणाऱ्या यंत्राने) मातीच्या गुल्ल्या काढून भोकांत कंपोस्ट भरावे, जिप्समची रक्कम वजा करावी. हे जमत नसेल तर सर्व पैसे परत करावेत. पुन्हा नुसती वाळू घेऊन माणसे पाठवू नयेत, त्यांना फाटकातूनच परत पाठवीन.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला ग्राहक

सोबत: कोटेशन व बिलाच्या प्रती, उकरलेल्या चराची छायाचित्रे