कच्च्या कागदावरचं गणित

नागपूर, २४ मार्च

प्रिय मनू,

सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या संगणकावरच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरात सहा गणितं चुकली म्हणून काल तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं "होईल गं नीट" म्हणून फोन ठेवला. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. गणितावर बोलायचं तर मला कागद लागतो, म्हणून आज पत्रच लिहायला घेतलं.

तू म्हणालीस, "आई, मला सगळं येत होतं. बोर्डात हेच गणित असतं तर चारपैकी साडेतीन मिळाले असते, इथे शून्य." खरं आहे तुझं. मी इतकी वर्षं बारावीचे पेपर तपासते आहे. ८० मार्कांच्या पेपरात शेवटच्या विभागात चार-चार मार्कांची गणितं असतात ना, तिथे पोरांनी सूत्र कुठलं घेतलं, मांडणी कशी केली, कुठे अडलं, सगळं मला दिसतं. शेवटच्या ओळीत उणे चिन्ह हरवलं तर मी अर्धा मार्क कापते आणि बाकीचे देते, कारण ते त्याने कमावलेले असतात. सीईटीच्या संगणकापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. चारपैकी कुठला पर्याय निवडला, एवढंच त्याला कळतं. गणितासारख्या विषयाला हे मला मनापासून खटकतं.

पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. एका वर्षी गठ्ठ्यातला शेवटचा पेपर, संध्याकाळ झालेली, डोळे दुखत होते. दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि त्यातलं एक अख्खं गणित माझ्याकडून तपासायचं राहिलं. फेरतपासणी करणाऱ्या मॉडरेटर मॅडमनी पकडलं म्हणून, नाहीतर त्या मुलाचे चार मार्क माझ्या थकव्यात गेले असते आणि त्याला कळलंही नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक पान बोटाने सुटं करून बघते. संगणकाला संध्याकाळ होत नाही. अक्षर बघून त्याचं मत बनत नाही, त्याची बेरीज चुकत नाही. शिवाय परीक्षेनंतर लॉगिन करून तुझं उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी शेजारी बघता येतं, पटलं नाही तर आक्षेपही घेता येतो. आणि ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या छापील उत्तरपत्रिकेवर, बॉलपेनने एकदा गोल काळा केला की संपलं. संगणकावर शेवटच्या मिनिटाला मत बदललं तरी चालतं.

आता तुझ्या सहा चुकांकडे येते. तू पाठवलेले कच्च्या कागदांचे फोटो मी मोठे करून नीट पाहिले. सहापैकी चार चुका गणिताच्या नाहीतच, त्या उतरवून घेण्याच्या आहेत. मॅट्रिक्सच्या प्रश्नात दुसऱ्या ओळीत उणे तीन होता, तू तीन लिहिलास. पुढचं इन्व्हर्स अगदी बिनचूक काढलंस, पण भलत्याच मॅट्रिक्सचं. एका ठिकाणी घात तीन होता, तो दोन झाला. छापील पेपरवर प्रश्न आणि पेन एकाच जागी असतात, आकृतीवरच कोन लिहिता येतो, "नाही" या शब्दाखाली रेघ मारता येते. इथे मान वर, मान खाली, परत वर. तेवढ्यात चिन्ह निसटतं. म्हणून माझं ऐक. प्रश्न उतरवून झाला की सोडवायला लागण्याआधी एकदा वर बघ आणि फक्त चिन्हं आणि घात जुळव. पाच सेकंद लागतात. ५० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. त्यातली पाच देऊन टाक.

उत्तर पर्यायात सापडलं म्हणून खूश होऊ नकोस. पेपर काढणाऱ्याला तुमच्या चुका तोंडपाठ असतात. साइन टू एक्सचं इंटिग्रेशन उणे कॉस टू एक्स भागिले दोन. पण उणे विसरणाऱ्यासाठी एक पर्याय तयार असतो, दोनाने भागायच्या ऐवजी गुणणाऱ्यासाठी दुसरा, भागायलाच विसरणाऱ्यासाठी तिसरा. चौघेही आपापल्या उत्तरावर समाधानाने क्लिक करतात. अशा वेळी उलटं जा, निवडलेल्या पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह घे आणि मूळ प्रश्न परत मिळतो का बघ. बोर्डाच्या मोठ्या गणितांना पर्याय नसतात, सीईटीत आहेत, तर ते असे वापर. जेईईत जिथे आकडा टाइप करायचा असतो तिथे मात्र पर्याय नाहीत, पर्यायावरून उलटं तपासणं नाही. तिथे कच्चा कागदच खरा.

तो कागद तू कसा वापरतेस हे पाहून मला वाईट वाटलं, मनू. एक गणित कोपऱ्यात, दुसरं त्याच्यावर आडवं, बेरीज तिसऱ्याच ठिकाणी. "कोण बघणार आहे" असं तू म्हणशील. तूच बघणार आहेस, मागे वळून चूक शोधताना. कागदाला मधोमध घडी घाल, प्रश्नाचा नंबर लिही आणि वरून खाली ये, मी तपासणार आहे असं समजून.

सीईटीत आधी फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं आणि मग गणित उघडतं, हे लक्षात ठेव. गणितापर्यंत डोळे थकलेले असतात. तिथे आल्यावर दहा सेकंद डोळे मीट. आणि उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडून उठू नकोस.

कुठली शिफ्ट, म्हणजे परीक्षेचं कुठलं सत्र, वाट्याला येईल याची भीती तुझ्या बाबांनाही वाटते. पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांचे मार्क तुझ्याइतके किंवा कमी आहेत ते. पेपर अवघड निघाला तर तो तुझ्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड. त्यामुळे सकाळ की दुपार यावर जीव जाळू नकोस. पेपरातच चूक निघू शकते, हे मात्र खरं. २०२५ मध्ये सीईटीच्या २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय इंग्रजीत चुकले होते आणि त्या मुलांना ५ मे रोजी पुन्हा बसावं लागलं. चुकीच्या पर्यायांशी झगडत त्या मुलांची किती मिनिटं गेली असतील, या विचाराने मला तेव्हा फार राग आला होता. तुझ्यासमोर असं काही आलं, एकही पर्याय जुळेना, तर दोन मिनिटांच्या वर तिथे थांबू नकोस. खूण करून पुढे जा.

गुरुवारी तू पोचशील तोवर बाबांचा जुना डेस्कटॉप बाहेरच्या खोलीत लावून ठेवते. लॅपटॉपवर सराव नको, केंद्रावर माऊस असतो. रोज भर दुपारी तीन तास बसायचं. कूलरच्या ताट्या बदलल्या आहेत, कैऱ्याही आणल्या आहेत. केंद्र हिंगणा रोडकडे आलं तर सुभाष नगरवरून मेट्रोने लोकमान्य नगर गाठू, आदल्या दिवशी एक चक्कर मारून रस्ता बघून येऊ.

येताना सगळे कच्चे कागद घेऊन येजो, फेकू नको.

तुझी,
आई