मानसीची पुन्हा कृष्णा

गोडोली, सातारा

प्रिय शैला,

परवा फोनवर तू विचारलंस, "घटस्फोट झाला, मिटलं सगळं. आता सतरा वर्षांनी नाव कशाला बदलत बसलीस?" सई शेजारीच अभ्यास करत होती, म्हणून मी विषय टाळला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. तुझ्या नणंदेच्या मुलीलाही हेच करायचंय म्हणालीस. तेव्हा सगळं सविस्तर लिहिते, तिलाही वाचायला दे.

डी.एड.च्या होस्टेलपासून तू मला ओळखतेस आणि एकदाही तू मला मानसी म्हटलेलं नाहीस. माहेरीही कुणी म्हटलं नाही. माझा जन्म वाईचा, माघातला, गंगापुरी घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू असतानाचा. आजीनं नदीच्या मांडवात नारळ ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, पोरीचं नाव कृष्णा. दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही.

२००८ साली लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, त्यानं अंगठीनं त्यावर अक्षरं काढली आणि मंडळींनी मोठ्यानं वाचली तेव्हा मला कळलं की मी आता मानसी. सासूबाईंना कृष्णा हे पुरुषाचं नाव वाटायचं, शिवाय 'काळी' असा त्याचा अर्थही त्यांना खटकत होता. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांचं असंच होतं, तुझ्या मोठ्या बहिणीचंही झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ डब्यात परत गेले. नाव मात्र सेवापुस्तकात गेलं, बँकेत गेलं, पुढे आधार निघालं त्यावर गेलं.

आणि आता तुला जे सांगायचंय ते. २०११ साली मी पाटण तालुक्यातल्या शाळेत होते. माझ्या तिसरीच्या वर्गात एक नकुशी होती. तुला माहीत आहे, तिसरी-चौथी मुलगीच झाली की आपल्याकडे नाव ठेवायचे नकुशी, नकुसा. त्या वर्षी जिल्ह्यात अशा मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबरला साताऱ्यात २८५ मुलींना नवी नावं दिली. माझ्या वर्गातलीनं स्वतःचं नाव स्वतः निवडलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी हजेरी घ्यायला लागले. सवयीनं जुनंच नाव तोंडात आलं. ती उभी राहिली नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा बसल्या जागेवरूनच म्हणाली, "बाई, आता तसं म्हणायचं नाही."

आठ वर्षांची पोर. मला इतका अभिमान वाटला की घरी येऊन जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. माझ्याही तेव्हा मनात आलं नाही की हे सांगणारी बाई कुणाच्या नावानं जेवायला बसलीय. तिचं नाव नकोसेपणातून आलेलं, माझं हौसेनं ठेवलेलं, हा फरक मी मानते. तिचं दुःख माझ्या दुःखाशेजारी मांडायचं नाही मला. पण 'तसं म्हणायचं नाही' एवढं एक वाक्य मला चाळीशी ओलांडल्यावर म्हणता आलं, हे खरं आहे.

कोर्टाचं तुला माहीतच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली संमतीनं अर्ज केला. अर्जानंतर थांबायचा सहा महिन्यांचा काळ कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. आम्ही तशी माफी मागितली नाही, थांबलो. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

मला वाटलं होतं, घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आला की नाव आपोआप परत येईल. तसं होत नाही गं. हुकूमनाम्यात मी मानसीच आहे. मानसीचं लग्न संपलं एवढंच तो कागद सांगतो. मानसी म्हणजेच वाईची कृष्णा, हे तो कुठेच सांगत नाही. नुसतं आडनाव बदललेलं असतं तर काही ठिकाणी त्यावर भागलंही असतं. माझं तर पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही बदललेलं. म्हणून राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कायदा कुठे नाही, ती फक्त रीत आहे. पण जाताना ताटभर तांदूळ पुरले आणि परत येताना राजपत्र लागलं.

राजपत्र घेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुझ्या नणंदेच्या मुलीला मुद्दाम सांग. नुसत्या हुकूमनाम्यावर काम करायचं म्हटलं तर प्रत्येक खिडकीवर तो दाखवावा लागतो. मी एका ठिकाणी दाखवला. समोरच्या माणसानं नाव बघायचं सोडून पानं उलटली, पोटगीचा आकडा वाचला आणि शेजारच्यालाही दाखवला. त्या दिवशी पोवई नाक्यापर्यंत मी चालत आले, रिक्षा करायचं सुचलं नाही. राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव असतं, संसाराची हकिकत नसते. ज्याला जेवढं बघायचंय तेवढंच दिसतं.

अर्ज ऑनलाइन होतो, शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या वेबसाइटवर. जुन्या नावाचा पुरावा, नव्या नावाचा पुरावा, कारण. मी कोर्टातून हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आधीच काढून ठेवली होती. एकीच्या जागी तीन नकला काढ म्हणावं, पुन्हा कोर्टाची पायरी चढायला नको. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव छापून येतं.

स्पेलिंगचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला सांग. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर कृष्णा हे इंग्रजीत 'यू' घालून लिहिलंय, आपल्या उच्चाराप्रमाणे. अर्ज भरून देणाऱ्या मुलानं 'आय' घातला आणि म्हणाला, मॅडम, सगळे असंच लिहितात. मी त्याला थांबवलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि माझी एक वेळ जुन्या नावातली चूक दुरुस्त करण्यात गेली होती. म्हणजे उरली एकच. त्या एका अक्षरासाठी मी तिथं वीस मिनिटं बसले, मार्कलिस्ट शेजारी ठेवून प्रत्येक अक्षरावर बोट फिरवून वाचलं. राजपत्रानंतर आधी आधार, मग पॅन, मग बँक, हा क्रम ठेवायचा, कारण पॅन आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. मतदार यादीसाठी नमुना ८. सेवापुस्तकातली नोंद आणि शालार्थ, म्हणजे आमच्या पगाराची ऑनलाइन नोंद, अजून व्हायचंय. प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीनं वर गेलाय.

मधल्या नावापाशी मी अडले होते. मला आईचं नाव लावायचं होतं. बाबा गेल्यापासून तिनंच मला सांभाळलं, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला वाईहून एसटीनं येऊन बाकावर बसून राहिली. २०२४ पासून सरकारनं मुलांच्या नावात आईचं नाव आधी लावायचं ठरवलंय, मग मी का नाही लावायचं? पण मार्कलिस्ट, डी.एड.चं प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश, सगळीकडे बाबांचं नाव. आईचं लावलं असतं तर मी तिसरीच कुणीतरी झाले असते आणि पुन्हा 'एकच व्यक्ती' असल्याची प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागलं असतं. आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय, मी तुला हाक मारते त्यात माझं नाव कुठं असतं? हाक मारली की येतेस ना, बास." बाबांचंच ठेवलं. ही गोष्ट अजून मला बोचते, तुझ्यापासून काय लपवायचं.

सईचं नाव बदललेलं नाही. तिच्या नावापुढे तिच्या वडिलांचं नाव राहणार, तसं आमचं ठरलंय आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून मानसी आहे. तिच्या शाळेत, उद्या कॉलेजात, जिथे आईचं नाव विचारतील तिथे मला राजपत्राची प्रत जोडावी लागेल. तिला हे समजावून सांगताना मी घाबरले होते. तिनं विचारलं, "म्हणजे आता आपली आडनावं वेगळी?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ वहीच्या कोपऱ्यात काहीतरी खरडत होती. मग दप्तरातून कॅलेंडर काढून विचारलं, वाईचा उत्सव यंदा कधी आहे. मी सांगितलं, तिथल्या प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा असतो, आपला गंगापुरीचा. तिला तो बघायचाय.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्याच्यावर राग म्हणून मी हे केलेलं नाही. राग असता तर पहिल्याच वर्षी केलं असतं, तेव्हा पुष्कळ होता. शाळेत सकाळी मस्टरवर सही करताना दर दिवशी माझा हात क्षणभर थांबायचा. सही मानसीची, अक्षर माझं. आता बँकेत नवीन सहीचा नमुना द्यायला गेले, तर चार रकान्यांत चार वेगळ्या सह्या झाल्या. कृष्णा लिहायची हाताला सवयच राहिली नव्हती. घरी येऊन सईच्या जुन्या वहीत दोन पानं भरून सराव केला, तिसरीच्या पोरांना देते तसा.

माघात ये. सुट्टी नसली तरी शनिवार-रविवार ये, आईकडेच राहू. आणि पत्राचं उत्तर पत्रानंच पाठव, पाकिटावर माझं पूर्ण नाव लिही. आमचे पोस्टमनकाका अजून जुन्याच नावानं हाक मारतात, त्यांनाही कळेल.

तुझीच,
कृष्णा