आवाहन : चिपाड मिळालं, आता पुढच्या खर्चाला हात द्या

सप्रेम नमस्कार.

प्लेटिंग शेडमधल्या (वस्तूंना धातूचा मुलामा देतात तिथल्या) धुण्याच्या पाण्यातले विषारी धातू उसाच्या चिपाडानं, म्हणजे रस काढून उरलेल्या भागानं, आणि शेंगांच्या टरफलांनी धरून काढायचं काम मंडळ करतं. गळीत हंगाम आटोपत आला. चिपाड वाळायला कडक ऊन लागतं. वळीव लागला की ओल्या ढिगाला बुरशी धरते. म्हणून हे पत्र घाईनं काढतो आहोत.

आधी ऋण मान्य करतो. शहरात चिपाड म्हणजे कचरा, पण गुऱ्हाळात तेच चुलवाणाचं जळण. आपल्या गुऱ्हाळमालकांनी काहिलीखालचं जळण बाजूला काढून मंडळाला दिलं, ट्रॅक्टरनं शेडपर्यंत पोचवलं, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. शेंगा फोडून टरफलं पोत्यात भरून, माती पाखडून देणाऱ्या मावश्या, कडबाकुट्टी वापरू देणारे दादा, सुट्टीच्या दिवशी मुलांना क्रोमियम या धातूची चाचणी हात धरून शिकवणारे आपले रसायनाचे सर, या सगळ्यांच्या जिवावर प्लेटिंग शेडमधल्या शेवटच्या धुण्याच्या पाण्यावर काम उभं राहिलं. मंडळाला त्याचा अभिमान आहे.

पण चिपाड नळीत कोंबलं की पाणी शुद्ध, असं होत नाही. न धुतलेल्या चिपाडातली साखर पाण्यात उतरते, ते आंबतं, पिवळं पडतं. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, वाळवायचं, दळायचं, अर्धा ते एक मिलिमीटरचे कण चाळून घ्यायचे. त्याहून बारीक पीठ राहिलं तर नळी तुंबते. मग लिटरला 4 ग्रॅम कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) 7 वर येईपर्यंत पुन्हा धुणं. 6 इंची पीव्हीसी नळीत 3 फूट थर भरला की सुमारे 16 लिटर जागा होते. ताशी 30 लिटरपेक्षा जास्त पाणी सोडलं तर धातू चिकटायला वेळच मिळत नाही. भरताना थर ओला हवा, नाहीतर नंतर फुगतो आणि पाणी कडेकडेनं वाट काढतं.

खरी मेख सामूत आहे. शिसं, तांबं, निकेल 5 ते 6 सामूला धरलं जातं. सामू त्यावर गेला की साका (तळाला बसणारा गाळ) बनून थर बंद होतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाला) मात्र सामू 2 च्या आसपास लागतो. तिथंही फसगत होते. त्यातलं काही क्रोमियम चिपाडावर रूप बदलून पाण्यातच राहतं. हेक्झाव्हॅलंटच्या चाचणीचा जांभळट गुलाबी रंग नाहीसा झाला म्हणून सगळं क्रोमियम गेलं, असं समजायचं नाही. एकूण क्रोमियम तपासून, चुन्यानं सामू 8 ते 8.5 वर नेऊन साका बसवावाच लागतो. नाल्यात सोडायच्या पाण्याला हेक्झाव्हॅलंटची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची 2 मिलिग्रॅम. हे पाणी पिण्यासाठी नाही, हे कृपया सगळ्यांना सांगा.

शिसं, तांबं, निकेल यांनी थर भरून गेला की सौम्य आम्लानं धुवून काही वेळा पुन्हा वापरता येतो, दर वेळी पकड कमी होते. शेवटी उरलेलं चिपाड, साका आणि आम्लाचं धुणं हा घातक कचरा. तो चुलवाणात जाळला तर धातू राखेत आणि धुरात येतो, खतात घातला तर शेतात. सीलबंद पिंपातून अधिकृत केंद्रावरच पाठवावा लागतो.

आणि नेमक्या याच खर्चाला कुणी पुढं येत नाही. मागच्या हंगामात दोनदा पत्रं घातली. प्रात्यक्षिकाला गर्दी झाली, फोटो निघाले, पावतीपुस्तक जवळजवळ कोरं परत आलं. मनाला लागलं, ते लपवत नाही. चिपाड घेताना गुऱ्हाळवाल्यांना "वाया जाऊ देणार नाही" असा शब्द दिला आहे.

हवं ते : सामूमापक 1 (तो जुळवायच्या बफर द्रावणासह), 6 इंची नळ्या 2, चाळण्या, कॉस्टिक 5 किलो, चुना, झाकणाची पिंपं 4, रबरी हातमोजे व चष्मे, बाहेरच्या प्रयोगशाळेची तपासणी फी, पिंपं पाठवायचा खर्च. वस्तू किंवा रोख, 100 रुपयांपासून, पावती मिळेल. चिपाड पुरेसं आहे, आणखी आणू नये. टरफलं कोरडी व बिनमिठाची चालतील. धुण्या-वाळवण्याला दर रविवारी सकाळी 8 ते 11, मंडळाच्या शेडमध्ये, 10 माणसं हवीत. कॉस्टिकचं काम लहान मुलांना देणार नाही. अक्षय्य तृतीयेच्या आत कळवावे.

आपला,
चिटणीस, विज्ञान मंडळ, सांगली