नागिणीच्या दुखण्यात वाट दाखवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुम्ही सांगितलेलं एकेक नागीण झालेल्या कुठल्याही आजी-आजोबांच्या घरात लागेल असं आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत. आणि आभार मानायचे तर कशाचे ते नेमकं सांगायला हवं. ‘तुमचे उपकार कसे फेडू’ म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं.

फोड बघायच्या आधी तुम्ही वेळ विचारता. पहिलं पुरळ कधी दिसलं, कुठल्या दिवशी, सकाळी की झोपताना? घरच्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण सगळ्यांचं लक्ष त्या लालभडक पट्ट्याकडे असतं. पण नागिणीच्या औषधाचं गणित त्या वेळेपासूनच सुरू होतं. विषाणूला आवर घालणारी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत पोटात गेली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. शुक्रवारी सकाळी उठलेल्या पुरळाचे ७२ तास सोमवारी दवाखाना उघडेपर्यंत संपतात, हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत म्हणून शनिवारीच धावाधाव होते. वेळ टळली असली तरी नवे फोड येत असतील, पुरळ डोळ्याजवळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर गोळी देतातच. तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसायचं नाही, हेही तुमचंच सांगणं.

‘दुखणं नसेचं आहे, कातडी नुसता बोभाटा करते,’ हे तुमचं वाक्य डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू शरीरातून जातच नाही. पाठीच्या कण्यालगत, नसांच्या मुळाशी, तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि वयानं किंवा आजारानं प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधल्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं १९६५ साली ही कल्पना मांडली, तीही आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. ‘लिहून ठेवा, लिहून ठेवा’ म्हणून तुम्ही मागे लागता तेव्हा त्याची आठवण होते. नस शरीराच्या एकाच बाजूला पसरते, म्हणून पट्टा छातीच्या किंवा पाठीच्या मधोमध येऊन थांबतो. विळखा पूर्ण होईल का, या भीतीनं झोप उडालेल्या माणसाला एवढं समजावून सांगणं हाही उपचारच.

दुखणं नसेचं असल्यामुळेच ते पुरळाच्या दोन-चार दिवस आधी सुरू होऊ शकतं. नुसती आग, टोचल्यासारखं, कपडा लागला तरी नकोसं. छातीत असेल तर हृदयाची शंका येते, कुशीत असेल तर मुतखड्याची, उजव्या बरगडीखाली असेल तर पित्ताशयाची. छातीत दुखत असेल तर हृदयाची तपासणी आधी, यात तुम्ही कधी तडजोड केली नाहीत. पण तपासण्या ठीक आल्या आणि दुखणं एकाच बाजूला पट्ट्यासारखं राहिलं, तर सदरा वर करून सकाळ-संध्याकाळ उजेडात कातडी बघायची. म्हातारी माणसं पाठीवरचं स्वतः बघू शकत नाहीत, आणि पुष्कळदा दाखवायला लाजतात.

औषधाच्या वेळांसाठी तर तुमचे वेगळे आभार. असायक्लोव्हिर, म्हणजे ती विषाणूला आवर घालणारी गोळी, नेहमीच्या मात्रेत ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पाच वेळा म्हणजे नेमकं कधी, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं आणि तिथेच घोटाळा होतो: तीन गोळ्या जेवणाबरोबर जातात, उरलेल्या दोन राहतात. तुम्ही सहा, दहा, दोन, सहा, दहा असं घड्याळ आखून दिलंत, प्रत्येक वेळेपुढे खूण करायला चौकोन काढलात. त्याच जातीचं वॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा घेता येतं, त्यामुळे पाच वेळांचं जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, हा सल्लाही फार कामाचा. तीन दिवसांत आग जरा कमी झाली की गोळ्या बंद करायचा मोह होतो. सातही दिवस पुरे करायचे.

मूत्रपिंडाबद्दल तुम्ही विचारलं नसतं तर बहुतेकांच्या लक्षातही आलं नसतं. ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. वयानं मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर ती अंगात साठतात, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवायचा आणि मात्रा त्यांना ठरवू द्यायची. पाणी थोडं थोडं, दिवसभर. हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचं ते विचारून. दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर द्यायची नाही, कारण तिचा भारही मूत्रपिंडावरच पडतो. आणि औषध चालू असताना माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, नसलेल्या वस्तू दिसायला लागल्या, गुंगीत राहिलं, तर ‘वय झालं, दुखण्यानं भ्रमिष्ट झालेत’ असं म्हणून सोडायचं नाही. औषध साठल्यानं असं होतं, तसंच विषाणू मेंदूपर्यंत गेल्यानंही होतं. दोन्हींत तातडीनं दवाखाना.

कातडीच्या काळजीचं थोडक्यात लिहितो, कारण ती तुम्ही सोपी करून टाकलीत. साध्या गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती फडकं वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ नाही, आधीच चिडलेली नस त्यानं आणखी चिडते. अंघोळ चालते, फक्त घासायचं नाही, टॉवेलनं नुसतं टिपायचं. फोड फुटले की पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारं गॉज. कापूस थेट लावला की तो खपलीत अडकतो आणि काढताना खपली घेऊनच येतो. चिकटपट्टी म्हाताऱ्या कातडीवर नको, ती सोलते. गॉज जागेवर ठेवायला नळीसारखं बँडेज किंवा सैल बनियन पुरतं. ते बनियन उलटं घालायला लावलंत, शिवण बाहेर येईल असं! किती साधी गोष्ट. पण ज्याला वाऱ्याची झुळूकही सोसत नाही त्याला बगलेतली ती जाडसर शिवण करवतीसारखी लागते, हे सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

बाकी लेप, पावडरी, विषाणूवरचं मलम, सगळं तुम्ही बाजूला ठेवायला लावलंत. नसेच्या मुळाशी बसलेल्या विषाणूला वरून चोपडलेलं काही पोचत नाही, आणि लेपामुळे फोडात पू झाला तर निस्तरायला वेगळं दुखणं. लाली पट्ट्याबाहेर पसरतेय का हे कळावं म्हणून तिच्या कडेला बॉलपेननं बारीक रेघ मारायची तुमची युक्ती छान आहे. रेघ ओलांडून लाली गेली, पू दिसला, ताप चढला, की फोन.

घरातल्यांना काय लागू शकतं हा प्रश्न सगळेच कुजबुजत विचारतात. तुम्ही मोठ्यानं उत्तर देता. नागीण दुसऱ्याला लागत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, पुरळ झाकून ठेवायचं, टॉवेल वेगळा, हात साबणानं धुवायचे, आणि कांजिण्या न झालेली गरोदर बाई, तान्हं बाळ, कर्करोगाचे उपचार चालू असलेलं माणूस यांनी लांब राहायचं. आजोबांना कोपऱ्यातल्या खोलीत कोंडायची गरज नाही.

आणि नाकाचं टोक. कपाळावर पुरळ उठलं की तिथे फोड आहे का ते आधी बघा, हे तुमच्याकडून ऐकलेलं कधीही विसरणार नाही. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेची शाखा जाते, त्यामुळे तिथला एखादा बारीकसा फोडही डोळा धोक्यात असल्याची खूण असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, डोळा लाल नसला तरी. कानात फोड, तोंड एका बाजूला वाकडं, चक्कर किंवा ऐकू कमी येणं, यातलं काही दिसलं तरी तितकीच घाई. कमरेखालच्या नसेची नागीण असेल तर लघवी अडकते आहे का तेही विचारायचं. ते आपणहून सांगितलं जात नाही.

खपल्या दोन ते चार आठवड्यांत पडतात. इथे बहुतेक लोकांची चौकशी संपते, आणि तुमची खरी सुरू होते. कातडी कोरी दिसते तरी आग जात नाही, तेव्हा घरातले म्हणायला लागतात, ‘आता काय दुखतंय, सगळं तर गेलं.’ विषाणूनं नस पोळलेली असते, ती विनाकारण दुखण्याचे निरोप पाठवत राहते. तीन महिने उलटूनही राहिलं तर त्याला नागिणीनंतरची नसवेदना म्हणतात, आणि वय जितकं जास्त तितका तिचा धोका जास्त. तुम्ही आजींचं म्हणणं खरं मानलंत, कापसाचा बोळा जेमतेम टेकवून कुठे कळ उठते ते बघितलंत आणि तेवढ्या भागाचा नकाशा कागदावर काढलात.

दुखण्याचे प्रकार वेगळे सांगायला तुमच्यामुळे जमलं: सतत आग, मधूनच विजेसारखी चमक, आणि नुसत्या स्पर्शानं होणारी वेदना. सकाळी आणि रात्री शून्य ते दहा यांतला आकडा, किती तास झोप लागली, आणि कुठल्या वेळी सर्वांत वाईट. ‘बरं वाटतंय का?’ याला म्हातारी माणसं ‘बरंय’ असंच म्हणतात. आकडा खोटं बोलायला जरा अवघड जातं.

पॅरासिटामॉल दुखलं की मागून घेण्यापेक्षा घड्याळावर, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे तपासून. वजन ५० किलोंच्या आत असेल किंवा यकृत कमजोर असेल तर मात्रा कमी. नसेच्या वेदनेला मात्र ती पुरत नाही. डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबॅलिन देतात, किंवा रात्री १० मिलिग्रॅम नॉरट्रिप्टिलिन. यांचा गुण यायला आठवडे लागतात. ‘चार दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं घरोघरी सापडतील. सुरुवात कमी मात्रेनं, वाढ हळूहळू, आणि थांबवायची असेल तर तीही हळूहळू. पहिल्या दोन्ही औषधांनी गुंगी आणि तोल जाणं, तिसऱ्यानं कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, लघवीला अडथळा. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. रात्रीचा दिवा चालू ठेवा, उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, हे तुम्ही गोळीबरोबरच सांगितलंत म्हणून किती खुबे वाचले असतील कोण जाणे.

कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी भरून आलेल्या कातडीवरच, बारा तास ठेवून बारा तास काढायची, मागचा कागद काढण्याआधी कात्रीनं हव्या त्या आकारात कापायची, वर शेकायची पिशवी कधीच नाही. कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, मलम पहिले काही दिवस उलट आग वाढवतं, हे आधी सांगितलं नाही तर ट्यूब तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. हातमोजा घालून लावायचं, नंतर हात साबणानं धुवायचे, डोळ्यांजवळ न्यायचंच नाही. ज्यांना सैल कपड्याचा हेलकावाच लागतो त्यांना उलट घट्ट, गुळगुळीत अंगालगतचा कपडा बरा वाटतो, हा तुमचा सल्ला आधीच्या सैल बनियनच्या बरोबर विरुद्ध आहे, आणि दोन्ही खरे आहेत: पहिला ओल्या फोडांसाठी, दुसरा भरून आलेल्या कातडीसाठी.

शेवटची गोष्ट नागिणीच्या लसीची. ही लस जिवंत विषाणूची नाही. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. नागीण एकदा होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून दुखणं पूर्ण निवळल्यावर घ्यायची. दंड दुखेल, एखाददुसरा दिवस अंग मोडून येईल, ताप येईल, हे तुम्ही आधीच सांगून टाकता, त्यामुळे पहिल्या डोसाला घाबरून कुणी दुसरा चुकवत नाही. दुसऱ्या डोसाची तारीख तुम्ही पहिला देतानाच लिहून देता. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं नोंदवली आहे.

आपले ऋणी,
घरचं दुखणं सांभाळणारे आम्ही