सही करण्याआधी करार वाचा

महोदय,

नागपुरात चित्रकला शिकून फॅशन आणि मासिकांच्या रेखाटनांकडे वळणाऱ्या मुलांचा हात चांगला असतो. अडतं ते छपाईत आणि कागदपत्रांत. फॅशनची, डोक्याच्या नऊपट उंचीची आकृती मासिकातल्या लेखासोबत परकी दिसते, तिथे साडेसातपट पुरे. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, छपाईचे ठिपके पसरतात. गडद छटा फिकटच ठेवाव्यात. फाइल छपाईच्या मापात, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) अशी द्यावी.

खरी काळजी चित्राच्या हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देणं लेखी, सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तरी मुलं ‘सर्व हक्क कायमचे’ यावर सही करतात! दुरुस्त्या किती, काम रद्द झाल्यास मोबदला किती, हे कच्च्या रेखाटनाआधीच लिहून घ्यावं. चित्रकला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी करारवाचन शिकवावं.

– एक रेखाचित्रकार, धरमपेठ, नागपूर